वूचच्या घेटोतले कॅमेरे

पोलंडमधील वूच (लोद्झ) हे शहर दुसऱ्या महायुद्धापूर्वी कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथे दोन लाखांहून अधिक ज्यू राहत; शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश होता. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजांनी शहर घेतले. ते थेट जर्मन राइशला जोडण्यात आले आणि १९४० मध्ये त्याचे नाव बदलून लिट्झमनश्टाट करण्यात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत शहराच्या उत्तरेकडील सर्वांत दरिद्री वस्तीत ज्यूंना हलवण्याचा हुकूम निघाला. एप्रिलअखेर ही वस्ती, म्हणजेच घेटो, कुंपण घालून बंद केली गेली, तेव्हा सुमारे चार चौरस किलोमीटरमध्ये एक लाख साठ हजारांवर माणसे कोंडली गेली होती. पुढच्या वर्षी व्हिएन्ना, प्राग, बर्लिन अशा शहरांतून आणखी वीस हजार ज्यू तेथेच आणून टाकण्यात आले.

या घेटोची हजारो छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील बहुतेक महत्त्वाची छायाचित्रे तिघांची आहेत: मेंडेल ग्रॉसमन आणि हेन्रिक रॉस हे दोन ज्यू कैदी, आणि वाल्टर गेनेवाइन हा नाझी अधिकारी. जागा एक, वर्षेही तीच. पण हेतू वेगवेगळे, आणि म्हणून चित्रेही वेगवेगळी.

घेटोत ज्यूंच्या हाती अधिकृतपणे कॅमेरा येण्याचे कारण तेथील कारभारात होते. जर्मनांनी हाइम रुमकोव्स्की याला ज्यूंचा प्रमुख नेमले होते. घेटो जर्मनांच्या कामाला येत राहिला तरच तो तगेल, अशी त्याची धारणा होती. त्याने जागोजागी कारखाने उभे केले. तेथे सैन्याचे गणवेश, बूट, टोप्या, गाद्या असा माल तयार होई, आणि मोबदल्यात अपुरे धान्य मिळे. या कामाचा हिशेब ठेवायला सांख्यिकी विभाग होता. कामगारांच्या ओळखपत्रांसाठी फोटो काढणे आणि तयार मालाची चित्रे अल्बममध्ये लावून घेटोची उपयुक्तता जर्मनांच्या मनावर ठसवणे, हे या विभागाच्या छायाचित्रकारांचे काम. ग्रॉसमन आणि रॉस यांची नेमणूक याच कामावर झाली. रॉस युद्धापूर्वी वृत्तपत्रासाठी क्रीडास्पर्धांचे फोटो काढत असे. ग्रॉसमनचा ओढा चित्रकलेकडे होता.

नोकरीमुळे दोघांना कॅमेरा, फिल्म आणि डार्करूम मिळाली. खासगी छायाचित्रणाला मात्र सक्त मनाई होती. डिसेंबर १९४१ मध्ये रुमकोव्स्कीने ग्रॉसमनला तशी लेखी ताकीद दिली. दोघांनीही ती धुडकावली. रॉसने ओळखपत्रांच्या कामातच फिल्म वाचवण्याची युक्ती काढली. अनेकांना पायऱ्यापायऱ्यांच्या मंचावर उभे करून तो एकाच निगेटिव्हवर सर्वांचे चेहरे घेई, आणि प्रिंट काढल्यावर एकेक चेहरा कापून ओळखपत्रावर चिकटवला जाई. उरलेली फिल्म चोरट्या फोटोंसाठी वापरता येई. रस्त्यावर कॅमेरा कोटाच्या आत असे. ग्रॉसमनने कोटाचे खिसे आतून कापून घेतले होते. हात खिशात घालून, नजर समोर ठेवून तो शटर दाबत असे. अशा फोटोंमध्ये चौकट तिरकी, कधी माणसाचे डोके कापलेले, कधी कडेला कोटाच्या कापडाची काळी पट्टी दिसते. छायाचित्रकार कोणत्या अवस्थेत उभा होता, हे या दोषांवरूनच कळते.

या फोटोंचे विषय रोजचेच होते. सूप मिळवण्यासाठी हातात डबा घेऊन लागलेल्या रांगा. गोठलेली माती उकरून बटाट्याची साले शोधणारी मुले. बैल-घोड्यांऐवजी मैल्याच्या गाड्या ओढणारी माणसे. घेटोचे दोन भाग जोडणाऱ्या लाकडी पुलावरची गर्दी आणि खालून जाणारी ट्राम. त्या ट्रामच्या रस्त्यावर घेटोवासीयांना पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती. ग्रॉसमनने स्वतःच्या घरातली उपासमारही टिपली. त्याचे आईवडील, बहीण आणि छोटा भाचा त्याच्या फोटोंमध्ये महिन्यागणिक खंगत गेलेले दिसतात. दफनापूर्वी त्याने अनेक मृतांचेही फोटो घेतले.

जानेवारी १९४२ पासून घेटोतून माणसे हेल्म्नो येथे नेली जाऊ लागली. तेथे बंद गाड्यांत विषारी धूर सोडून त्यांना मारण्यात येई. मेपर्यंत ही संख्या पंचावन्न हजारांच्या आसपास गेली. सप्टेंबरमध्ये दहा वर्षांखालील मुले, पासष्टच्या वरचे वृद्ध आणि आजारी यांची मागणी झाली. मुले द्या, असे आवाहन खुद्द रुमकोव्स्कीने जाहीर भाषणात केले. आठवडाभराच्या संचारबंदीत घरे झडती घेऊन रिकामी करण्यात आली आणि पंधरा हजारांहून अधिक जण नेले गेले. तारेच्या जाळीला हात लावून आतल्या मुलांचा निरोप घेणाऱ्या नातेवाइकांचे फोटो याच दिवसांतले आहेत.

ऑगस्ट १९४४ मध्ये घेटो रिकामा करून उरलेल्यांना ऑशविट्झला पाठवण्यात आले. रुमकोव्स्कीही त्यांतून सुटला नाही. राडेगास्ट स्टेशनावरून माणसे मालगाडीच्या डब्यांत कोंबली जात, त्याचे रॉसने काढलेले फोटो आहेत. ते कसे काढले हे त्याने पुढे न्यायालयात सांगितले. स्टेशनावर काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांनी त्याला सफाई कामगार म्हणून आत घेतले आणि सिमेंटच्या गोदामात कोंडून ठेवले. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत तो तेथे होता. मारहाण पाहत आणि आरडाओरडा ऐकत त्याने भिंतीच्या फळीतल्या भोकातून फोटो घेतले.

साफसफाईसाठी जर्मनांनी आठशेच्या आसपास ज्यूंना मागे ठेवले. रॉस आणि त्याची पत्नी त्यांत होते. या लोकांसाठी दफनभूमीत खड्डेही खणून ठेवलेले होते. पण १९ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौजा पोहोचल्या आणि ते वाचले. त्यापूर्वीच्या शरद ऋतूत रॉसने सुमारे सहा हजार निगेटिव्ह डब्यांत भरून डांबर लावलेल्या पेटीतून जमिनीत पुरल्या होत्या. मार्च १९४५ मध्ये त्या उकरून काढल्या, तेव्हा ओलीने जवळपास निम्म्या गेल्या होत्या. काही वाचलेल्या निगेटिव्हच्या कडा पाण्याने खाऊन टाकल्या आहेत. ते डाग आजही प्रिंटवर तसेच ठेवले जातात.

ग्रॉसमनच्या नशिबी हे नव्हते. त्याला जर्मनीतील एका छावणीत नेण्यात आले आणि युद्धाच्या अखेरीस, कैद्यांना पायी हाकलले जात असताना, तो मरण पावला. तिशी नुकतीच उलटली होती. त्याने घरात लपवलेल्या दहा हजारांच्या आसपास निगेटिव्ह बहिणीला सापडल्या. त्या इस्रायलमधील नित्झानीम या किबुत्झमध्ये (सामुदायिक वसाहतीत) पोहोचल्या, पण १९४८ च्या युद्धात इजिप्तच्या फौजांनी ती वस्ती घेतली आणि तो संग्रह कायमचा गेला. घेटोत असताना तो मित्रांना प्रिंट मोकळ्या हाताने देत असे. आज त्याचे जे काम पाहायला मिळते, ते मुख्यतः या प्रिंटमुळे.

तिसरा कॅमेरा गेनेवाइनचा. हा ऑस्ट्रियन नाझी घेटोच्या जर्मन प्रशासनात हिशेब खात्याचा प्रमुख होता. त्याने काढलेल्या सुमारे चारशे रंगीत स्लाइड १९८७ मध्ये व्हिएन्नातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडल्या. त्यांत शिस्तीत चालणारे कारखाने, मालाचे ढीग, मान खाली घालून काम करणारे कामगार आणि बाहेरून आलेले साहेब आहेत. उजेड चांगला, चौकट सरळ, भीतीचा मागमूस नाही. फिल्मवर तांबूस छटा येते अशी तक्रार त्याने आग्फा कंपनीकडे केली होती. त्याच्या स्लाइड पाहून घेटो म्हणजे नीट चाललेली कार्यशाळा वाटते. अशा चित्राची गरज प्रशासनाला होती, कारण कारखान्यांतून नफा निघत होता.

पण रॉसचे फोटोही एकाच छापाचे नाहीत. उपाशी माणसांबरोबरच वाढदिवसाच्या मेजवान्या, लग्ने, प्रेमी जोडपी, घेटो-पोलिसाचा छोटा पोशाख घालून खेळणारे मूल असे फोटोही त्याने काढले होते. घेटोत पोलीस आणि अधिकारी यांचा एक बरा खाणारा थर होता; हे फोटो बहुतांशी त्या थराचे आहेत. युद्धानंतर कित्येक वर्षे ते मागे राहिले, कारण छळाच्या कथेत ते बसत नव्हते. २००४ मध्ये ते पुस्तकरूपाने मोठ्या संख्येने पुढे आले आणि घेटोतील विषमतेचा पुरावा म्हणून अभ्यासले जाऊ लागले.

१९६१ मध्ये जेरुसलेमला नाझी अधिकारी आडॉल्फ आइखमनवर खटला चालला, तेव्हा रॉसने साक्ष दिली आणि त्याचे फोटो पुरावा म्हणून दाखल झाले. १९९१ मध्ये तो इस्रायलमध्ये वारला. त्याचा संग्रह आज कॅनडात टोरोंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओमध्ये आहे, तर गेनेवाइनच्या स्लाइड फ्रँकफुर्टच्या ज्यू संग्रहालयात. पाठ्यपुस्तकांत आणि माहितीपटांत मात्र दोघांची चित्रे अनेकदा छायाचित्रकाराचे नाव न देता शेजारी शेजारी छापली जातात. कोणी, कोणासाठी आणि कोणत्या परवानगीने काढले हे न सांगता वापरलेला फोटो पुरावा म्हणून अर्धाच उरतो, आणि गेनेवाइनच्या बाबतीत तो पाहणाऱ्याची फसवणूकही करतो.