कार्ट्रिजचा एसएलआर आणि शहर घडतानाची वर्षे

नवे शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे खाडीवरचा पूल १९७३ मध्ये खुला झाला आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. भातशेती आणि मिठागरे हटत गेली, वाशीत वसाहती आल्या. याच काळात परदेशातल्या कॅमेरा कंपन्या एका अवघड कोड्याशी झुंजत होत्या : फिल्म भरणे लहान मुलालाही जमावे, पण कॅमेरा मात्र एसएलआरच, म्हणजे आरशामुळे लेन्समधूनच दृश्य दाखवणारा, असावा.

सुरुवात झाली १९६३ मध्ये. कोडॅकने इन्स्टामॅटिक कॅमेरा आणला आणि त्यासोबत १२६ ची कार्ट्रिज. या कार्ट्रिजमागे डोके होते ह्युबर्ट नेरविनचे. पूर्वी तो जर्मनीत झाइस इकॉनसाठी कॉन्टॅक्स कॅमेरे रचत असे. फिल्म प्लास्टिकच्या डबीत बंद. डबी बसवायची, झाकण लावायचे, की झाले. फिल्मचे टोक स्पूलमध्ये अडकवायला नको, रोल संपल्यावर उलटा गुंडाळायला नको. दर फोटोला फिल्मवर एकच भोक असे. कॅमेऱ्यातली बारीक पिन त्यात पडली की फिल्म तिथेच थांबे. मागच्या खिडकीतून कितवा फोटो तेही दिसे.

अशा साध्या डबीसाठी आरसा, पेंटाप्रिझम आणि बदलत्या लेन्स असलेला कॅमेरा बनवायचे धाडस जर्मनांनी केले. १९६७ मध्ये झाइस इकॉनचा कॉन्टाफ्लेक्स १२६ आला. पुढच्याच वर्षी रोलायफ्लेक्स एसएल२६ आणि कोडॅकच्या स्टुटगार्ट कारखान्यातला इन्स्टामॅटिक रिफ्लेक्स आला. मेख एका जागी होती. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यात फिल्म सपाट दाबून धरते ती कॅमेऱ्यातली प्लेट. इथे ते काम प्लास्टिकच्या डबीवर सोडलेले. लेन्स कितीही उत्तम असली, तरी तिच्या अचूक फोकसचा भरवसा स्वस्त डबीवर.

१९७२ मध्ये कोडॅकने आणखी छोटी ११० ची कार्ट्रिज काढली. तिची निगेटिव्ह जेमतेम १३ बाय १७ मिलिमीटर, म्हणजे ३५ मिमीच्या सुमारे पाव. तरीही मिनोल्टाने १९७६ मध्ये झूम लेन्सचा एसएलआर काढला आणि १९७८ मध्ये पेंटॅक्सने ऑटो ११० जाहीर केला. हा तळहातात मावे, पण लेन्स खऱ्याखुऱ्या बदलता येत : १८, २४ आणि ५० मिमी. शटर आणि अ‍ॅपर्चर एकाच यंत्रणेत, तेही लेन्समध्ये नाही तर कॅमेऱ्याच्या अंगात. म्हणून लेन्स इवल्याशा ठेवता आल्या. फिल्म पुढे सरकवायला लिव्हर दोनदा ओढावी लागे. एक्स्पोजर मात्र सर्वस्वी कॅमेराच ठरवी. कार्ट्रिजच्या एसएलआरमध्ये इतके कसबी काम दुसरे झाले नाही.

आपल्याकडे तेव्हा परदेशी कॅमेऱ्यावर जबर आयात शुल्क होते. घरोघरी दिसे तो भारतात बनलेला आग्फा क्लिक थ्री. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. कार्ट्रिजचा कॅमेरा यायचा तो बहुधा परदेशातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून, आणि त्याची फिल्म मिळवणे हेही एक कामच असे.

शेवटी फिल्मनेच या कॅमेऱ्यांचा घात केला. कोडॅकने १२६ ची फिल्म १९९९ मध्ये बंद केली. ११० चीही बाजारातून गेली. २०१२ मध्ये लोमोग्राफीने ती पुन्हा बनवायला घेतली, म्हणून पेंटॅक्समध्ये आजही फिल्म भरता येते.

कॅमेऱ्यांना निदान वाली मिळाले. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनीज बुकात नोंद आहे. निगेटिव्हना वाली नाही. मानखुर्द-वाशी लोकल १९९२ मध्ये सुरू झाली. त्याआधीची वाशी, बेलापूर, त्याआधीची आगरी-कोळ्यांची गावे, खाडीकाठ आणि शेते ज्यांनी घरच्या कॅमेऱ्याने टिपली, त्यांच्या कपाटात हा इतिहास पडून आहे. नखाएवढ्या निगेटिव्ह निरुपयोगी समजून रद्दीत घालू नका. कोरड्या जागी ठेवा, स्कॅन करून घ्या, आणि सोबत गाव नि साल आठवेल तेवढे आजच लिहून ठेवा.