प्रशिक्षण झालं, पण पुढे काय? वृद्धांच्या शुश्रूषेच्या इतिहासातला एक धडा

आपल्या नाशिकमध्ये ‘नर्सिंग होम’ म्हटलं की छोटं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. इंग्लंड-अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे वृद्ध माणसं कायमची राहतात आणि जिथे त्यांची शुश्रूषा होते, अशी जागा. स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या आई-वडिलांसाठी अशी सोय शोधणारी कुटुंबं आता आपल्याकडेही दिसतात. त्यांच्यासाठी हा इतिहास.

या आजारात माणूस रात्री उठून फिरतो, ओरडतो, आंघोळीला विरोध करतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत यावर दोन उपाय सर्रास वापरले जात: खुर्चीला किंवा पलंगाला बांधणं आणि गुंगीची औषधं. हेतू वाईट नसे. पडून हाड मोडेल ही भीती असे. पण बांधलेल्या माणसाचे स्नायू झिजतात, अंगाला बेडसोअर होतात, तो अधिकच बिथरतो. पट्ट्यात अडकून मृत्यूही झाले. १९८७ मध्ये तिथे कायदा आला: शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाला बांधायचं नाही.

पण बांधायचं नाही, तर रात्रपाळीच्या माणसांनी करायचं काय? लोइस इव्हान्स, नेव्हिल स्ट्रम्फ आणि सहकाऱ्यांनी तीन नर्सिंग होममध्ये हे तपासलं. एका ठिकाणी नेहमीचंच काम चालू ठेवलं. दुसऱ्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. तिसऱ्या ठिकाणी प्रशिक्षणासोबत एक तज्ज्ञ नर्स नियमित येऊन प्रत्यक्ष रुग्णांविषयी सल्ला देत राहिली. १९९७ मध्ये निष्कर्ष आले. बांधण्याचं प्रमाण सर्वांत जास्त घटलं ते तिसऱ्या ठिकाणी. त्यासाठी जादा माणसं लागली नाहीत, गुंगीची औषधं वाढली नाहीत आणि पडून होणाऱ्या गंभीर दुखापतीही वाढल्या नाहीत.

पुढे इंग्लंडमध्ये ‘डिमेन्शिया केअर मॅपिंग’ ही पद्धत ५० केंद्रांच्या अभ्यासात तपासली गेली. यात प्रशिक्षित कर्मचारी काही तास शांत बसून रुग्ण काय करतो, कशाने चिडतो, कशाने खुलतो याची दर पाच मिनिटांनी नोंद घेतो. मग सगळी टीम मिळून काळजीची पद्धत बदलते. अशा तीन फेऱ्या करायच्या होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल निराशाजनक होता: रुग्णांची अस्वस्थता कमी झाली नाही. पण ज्या केंद्रांना ही पद्धत दिली होती, त्यांपैकी जेमतेम पाव केंद्रांनी एकाहून जास्त फेऱ्या केल्या होत्या! वेळ मिळाला नाही, शिकलेली माणसं नोकरी सोडून गेली, व्यवस्थापनाचा पाठिंबा कमी पडला.

टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांत सोडून ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणण्यासारखंच हे झालं. गोळ्यांचं पाकीट मोजता येतं. वागण्यातल्या बदलाचा ‘डोस’ मात्र कुणी मुद्दाम मोजला तरच कळतो. याउलट ‘वेल्ड’ हा ६९ नर्सिंग होममधला अभ्यास पाहा (२०१८). तिथे प्रत्येक केंद्रातल्या निवडक कर्मचाऱ्यांना शिकवून अनेक महिने मार्गदर्शन चालू ठेवलं. रुग्णांची अस्वस्थता घटली, जगणं थोडं सुसह्य झालं.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक रुग्णांना साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे. पण कायदा रात्री दोन वाजता खोलीत हजर नसतो. म्हणून केंद्र निवडताना भिंतीवरची प्रमाणपत्रं पाहून थांबू नका. हे विचारा:

• प्रशिक्षण शेवटचं कधी झालं? त्यातले किती जण आज कामावर आहेत?
• रात्रपाळीच्या लोकांनाही ते मिळालं का?
• आई चिडली, तर कारण शोधून कुठे लिहून ठेवता? ती वही दाखवाल का?
• बांधायचं किंवा गुंगीचं औषध द्यायचं हे कोण ठरवतं? आम्हाला कळवता का?
• ठरलेलं होतंय की नाही, हे कोण आणि किती दिवसांनी तपासतं?

आणि आईच्या सवयी, आवडीची गाणी, चहाची वेळ, कशाची भीती वाटते हे एका कागदावर लिहून द्या. पुढच्या भेटीत तो कागद कुणी वाचलाय का, तेही विचारा. चालू असलेली गुंगीची औषधं मात्र परस्पर बंद करू नका. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.