बाबागाडी आली, पण रस्ता?

इतिहास म्हटलं की आपण किल्ले, लढाया आणि सनावळ्यांकडे वळतो. आजचा भाग मात्र जमिनीवरचा आहे, अगदी शब्दशः. आज बोलायचंय बाबागाडीबद्दल, झोळीबद्दल, आणि या दोन्हींच्या खाली असलेल्या रस्त्याबद्दल.

आधी माझी फजिती सांगतो. लेक तेव्हा अकरा महिन्यांची होती. मोठ्या हौसेनं ऑनलाइन बाबागाडी मागवली. घडी होणारी, हलकी, कप ठेवायला जागा वगैरे. खापरखेड्यात आमच्या घरापासून थोडं पुढे गेलं की डांबर संपतं आणि शेताकडे जाणारी पांदण लागते. मागे वीज केंद्राच्या चिमण्या, पुढे झाडं, संध्याकाळची हवा. म्हटलं, चला फिरून येऊ. दहाच मिनिटं तर जायचंय म्हणून पट्टा लावला नाही. पुढचं चाक गिट्टीत अडकलं, गाडी समोर झुकली आणि लेक घसरत खाली आली. हनुवटी खरचटली, बाकी काही झालं नाही. पण माझे हात रात्रीपर्यंत थरथरत होते.

घरी आलो तर आई म्हणाली, "काऊन रे, हे गाडी पांदणीवर चालते का? चाकं पाह्य नं तिचे, बटनाएवढे! तुह्या आजोबाच्या बंडीचं चाक छातीपर्यंत येत होतं."

मी चिडलो. पण नंतर डोक्यात तेच फिरत राहिलं. बंडीचं चाक एवढं मोठं का होतं?

कारण साधं आहे. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक त्यावरून निघून जातं. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या जमिनीसाठी सुतारानं मोठं चाक केलं. म्हणजे आपल्याकडे चाक माहीत नव्हतं असं अजिबात नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो, त्यात पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत नेतात. घराघरात तीन चाकांचा पांगुळगाडा असायचा. आता गंमत बघा. पांगुळगाडा मूल स्वतः ढकलतं, चालायला शिकायला, आणि तोही सारवलेल्या अंगणात. मुलाला गाडीत बसवून मोठ्यांनी ढकलत फिरायचं, ही कल्पना मात्र आपल्याकडे रुजली नव्हती.

ती आली इंग्लंडमधून. १७३३ साली विल्यम केंट या वास्तुरचनाकारानं डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची छोटी गाडी बनवली. ती ओढायला बकरी किंवा छोटा घोडा जुंपायचा. ती फिरणार कुठे? तर ड्यूकच्या बागेत, आखलेल्या वाटांवर. पुढे एकोणिसाव्या शतकात माणसानं ढकलायच्या गाड्या आल्या, आणि त्या वाढल्या बागांमध्ये आणि शहरांच्या फुटपाथांवर. रस्ता आधी, गाडी नंतर.

आपल्याकडे इंग्रजांच्या घरी नोकर-चाकर साहेबाच्या मुलांना 'बाबा' म्हणत. मराठीतही लहान मुलाला लाडानं बाबा म्हणतातच. त्यामुळे 'बाबागाडी' हा शब्द कानाला अगदी घरचा वाटतो. पण ती चालणार कुठे, तर सिव्हिल लाइन्ससारख्या आखीव वस्तीत. पांदणीवर नाही.

मग पांदणीवर मुलं कशी फिरत होती? कडेवर, पाठुंगळीला, नाहीतर लुगड्यात बांधून. माझी आजी निंदणाला जायची तेव्हा लेकरू पाठीशी बांधून न्यायची. शेतावर पोचलं की तेच लुगडं कडुनिंबाच्या फांदीला बांधायचं, झाली झोळी. एकाच कापडाची दोन कामं. कापडाला खड्डा लागत नाही, चिखल लागत नाही.

मला वाटायचं की झोळी म्हणजे जुनं, मागासलेलं. पण आज हजारो रुपयांना मिळणारे कॅरिअर आले कुठून, ते शोधलं तर वेगळीच गोष्ट निघाली. ॲन मूर ही अमेरिकन नर्स १९६० च्या दशकात पीस कोअरतर्फे पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात होती. तिथल्या बायका बाळांना पाठीशी बांधून कामं करतात हे तिनं पाहिलं. परत गेल्यावर तिला मुलगी झाली. बाळाला तसंच बांधायचा प्रयत्न केला तर ते घसरायचं. मग तिच्या आईनं तिला पट्टे असलेली एक पिशवी शिवून दिली. १९६९ मध्ये तिचं पेटंट मिळालं, नाव 'स्नग्ली'. म्हणजे टोगोच्या बायकांची विद्या दुकानात पोचली, पेटंट घेऊन.

गाडीच्या बाजूलाही असंच घडलं. ओवेन मॅक्लारेन हे विमानांचे अभियंते, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले. लेक नातीला घेऊन आली, तर तिची अवजड बाबागाडी नेताना नाकी नऊ आले. आजोबांनी १९६५ मध्ये ॲल्युमिनिअमची, छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. वजन ३ किलोच्या आत. विमानतळावर आणि शहरात उत्तम. माझी गाडी याच घराण्यातली! मग १९८४ मध्ये अमेरिकेतल्या फिल बेकलर या पत्रकाराला लेकाला घेऊन पळायला जायचं होतं, आणि छोट्या चाकांची गाडी काही साथ देईना. त्यानं गाडीला सायकलची चाकं लावली. तीन चाकांची जॉगर गाडी तिथून आली.

म्हणजे माझी आई आणि फिल बेकलर एकच गोष्ट सांगत होते.

तर आता निवड कशी करायची? आधी स्वतःचा रस्ता बघा. वसाहतीतले डांबरी रस्ते असतील तर हलकी गाडी पुरते. गिट्टी, मुरूम, पांदण असेल तर मोठी, हवा भरायची चाकं आणि स्प्रिंग हवेत. पुढचं फिरणारं चाक ओबडधोबड जागी सरळ लॉक करायचं, नाहीतर ते आडवं होऊन अडकतं. दोन्ही खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा प्रत्येक वेळी लावायचा, दहा मिनिटांसाठीसुद्धा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जॉगरमध्ये बसवून पळू नका. नागपूरच्या उन्हात गाडीवर ओढणी टाकू नका, आतली हवा कोंडते आणि तापते.

वाट अगदीच वाईट असेल तर कॅरिअर. बाळाचं तोंड सतत दिसायला हवं, हनुवटी छातीला टेकता कामा नये. चार महिन्यांच्या आतल्या बाळांना यात गुदमरण्याचा धोका जास्त असतो. बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर हवेत. आणि कॅरिअर घालून टू-व्हीलरवर बसू नका. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ च्या नियमात हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडलेला वेगळा सुरक्षा पट्टा सांगितलाय, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

शेवटी एक गोष्ट, नाहीतर हा भाग खोटा ठरेल. आजीची झोळी किती भारी, असं मी आईसमोर बोललो. ती म्हणाली, "भारी कायची? ठेवाले कोणी नव्हतं म्हणून नेत होती." खरंय. मी लेकीला पाठीवर घेतो तेव्हा ते फिरणं असतं, आजीसाठी ती मजुरी होती. आजही बांधकामावर, वीटभट्टीवर हेच दिसतं. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं, आणि तिलाही मजुरी द्यायची. तुमच्या गावात असं काम चालू असेल तर जरा डोकावून बघा, मुलांजवळ कोणी आहे का.

माझं म्हणाल तर ती गाडी आता वसाहतीच्या रस्त्यावरच चालते. पांदणीवर लेक माझ्या पाठीवर असते. ओळखीचे लोक हसतात, "बायको कुठं गेली बापा?" म्हणून विचारतात. मी म्हणतो, घरी आहे, झोपलीय. तिलाही झोप लागते नं!

तुमच्या घरी लेकरू कशात फिरायचं, आजीला विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.