जालन्याचे बेथेल : गमावलेला भाऊ, जोडलेले गाव

'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण मराठवाड्यात अनेकांच्या तोंडी आहे. कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर जुना जालना आणि नवा जालना अशा दोन अंगांनी वसलेल्या या व्यापारी नगरीचे गतवैभव त्या म्हणीत साठवलेले आहे. मात्र त्या सोन्याच्या पाळण्यात प्रत्येक बालकाला जागा नव्हती. गावकुसाबाहेरच्या मांगवाड्यात जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला दोर वळणे, केरसुण्या बांधणे आणि दुसऱ्यांच्या लग्नात वाजंत्री वाजवणे एवढेच येई. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी जालन्यात येऊन अशा मुलांसाठी जागा केली, ते रेव्हरंड नारायण शेषाद्री होत. त्यांच्या जीवनकार्याचा आरंभ मात्र जालन्यात नाही. तो मुंबईच्या न्यायालयात, एका धाकट्या भावाच्या ताटातुटीत आहे.

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातले. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असताना रॉबर्ट नेस्बिट आदी शिक्षकांच्या सहवासात त्यांची ख्रिस्तावर श्रद्धा बसली आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी अशा घटनेने सारे शहर ढवळून निघे. चारच वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून मुंबईत मोठा क्षोभ उसळला होता. नारायणरावांच्या पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास आला. तो बारा वर्षांच्या आसपासचा होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण ख्रिस्ती लोकांबरोबर तो जेवला होता आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे जात जाण्यास तेवढे पुरेसे होते.

वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी मुलगा अज्ञान आहे या कारणास्तव त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. ज्या घरातून थोरला मुलगा कायमचा दुरावला, त्या घरातील आईबापांचे दुःख आपण आज समजून घेतले पाहिजे. दोन्ही बाजूंना आपल्यावरच अन्याय झाल्यासारखे वाटत होते. मिशनने न्यायालयात आपली बाजू मांडली, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर मुलगा परत देण्यात आला.

पण श्रीपतची परवड येथे संपली नाही. न्यायालयाने त्याला घरी पाठविले, तरी जात त्याला घरात घेईना. प्रायश्चित्त देऊन त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून पुणे-मुंबईत वादाचे वादळ उठले. अशा वेळी त्या पोरक्या झालेल्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले ते १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर. धर्मांतराचे ते समर्थक मुळीच नव्हते. परंतु लहान मुलाला दोन्ही घरांची दारे बंद व्हावीत, हे त्यांना मान्य नव्हते. त्यापायी त्यांना स्वतःला बहिष्काराचा ताप सोसावा लागला. १८४६ मध्ये ते अकाली निवर्तले. या प्रकरणातील न्यायप्रिय माणसे सगळी एकाच बाजूला नव्हती, याची आठवण ख्रिस्ती माणसाने कृतज्ञतेने ठेवावी.

अशा प्रसंगानंतर माणसापुढे दोन वाटा असतात. ज्या समाजाने आपल्याला तोडले त्याच्याविषयी आयुष्यभर कटुता बाळगणे ही एक. दुसरी वाट अवघड असते. नारायणरावांना १८५४ मध्ये धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईत राहून वादविवादाची सभा जिंकणे त्यांना अशक्य नव्हते. पुढे त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले आणि तेथे ते मुख्यतः मांग समाजात मिसळले. ज्यांची सावलीही आपल्या पूर्वजांनी टाळली, त्यांच्या झोपडीत जाऊन बसणारा हा ब्राह्मणकुलोत्पन्न पाद्री होता.

मांग समाजाची स्थिती काय होती, हे सांगण्यास परक्याची साक्ष नको. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. अन्यायाचे नाव घेऊन त्याला जाब विचारण्याचे धैर्य त्या मुलीने दाखविले. त्या प्रश्नाला एक उत्तर काही वर्षांनी जालन्याजवळ उभे राहिले.

निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर नारायणरावांनी एक गाव वसविले आणि त्याचे नाव ठेवले 'बेथेल'. गावकुसाबाहेरच्या माणसांना येथे गावाच्या मध्यात घर मिळाले. प्रार्थनामंदिर आणि शाळा उभी राहिली, शेती आणि हातची कामे सुरू झाली. जमीन मुसलमान दिवाणाची, पुढाकार ब्राह्मण घरात जन्मलेल्या ख्रिस्ती पाद्र्याचा आणि कष्ट मांग बांधवांचे, असा तो योग होता. १८७३ मध्ये न्यू यॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत नारायणराव पांढरे पागोटे बांधून आपल्या देशी वेषातच बोलावयास उभे राहिले. ख्रिस्त स्वीकारला म्हणून आपले लोक आणि आपली वेशभूषा त्यांना परकी झाली नव्हती. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेथेल या नावाची कथा आपल्याला उत्पत्तीच्या पुस्तकात भेटते. भावाच्या क्रोधाला भिऊन पळालेला याकोब दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपतो आणि स्वर्गाला भिडलेली शिडी स्वप्नात पाहतो. जागा झाल्यावर तो त्या जागेला देवाचे घर म्हणतो. पुढे अनेक वर्षांनी एसाव त्याला धावत येऊन मिठी मारतो. भाऊ दुरावलेल्या माणसाने वसविलेल्या गावाला हेच नाव असावे, याचा अर्थ प्रत्येक वाचकाने आपल्या मनाशी लावून पाहावा.

नारायण शेषाद्री हे प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिक नियतकालिकात त्यांचे स्मरण कशाला, असे कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये विभक्त बंधूंच्या ठायी असलेले ख्रिस्ती धन आनंदाने ओळखावयास सांगितले, आणि १९६५ मध्ये श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. १८४३ च्या त्या वादात हे तत्त्व सर्व पक्षांच्या हाती असते, तर श्रीपतचे बालपण इतके होरपळले नसते.

द्वेष न करणे म्हणजे गप्प बसणे, असा एक गैरसमज आपल्यात रूढ आहे. प्रमुख याजकापुढे शिपायाने थप्पड मारली तेव्हा प्रभू येशूने हात उगारला नाही. पण मला का मारलेस, असे त्याने विचारलेच. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील सिस्टर राणी मारिया यांनीही असेच विचारले होते. देवास जिल्ह्यात भूमिहीनांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी त्या झटल्या आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो मुक्त झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना 'धन्य' घोषित करण्यात आले. बहीण गमावलेल्या त्या धर्मभगिनीने एक भाऊ जोडला. जालन्यातील वाटही याच दिशेची होती.

१९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, ही आपल्या आठवणीतील गोष्ट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या गेल्या. त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलत राहणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्याच घरात 'ते मूळचे कोण?' हा प्रश्न हळूच विचारला जातो. तो प्रश्न जोवर आपल्या ओठांवर आहे, तोवर इतरांच्या अन्यायाविषयी बोलताना आपला आवाज अडखळणारच.

सोन्याच्या पाळण्यात ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यासाठी जालन्याच्या मातीत एक देवाचे घर उभे राहिले. तसे घर आपल्या धर्मग्रामात आहे का, आणि त्याचे दार कोणासाठी लोटलेले आहे, हे येत्या रविवारी मिस्सेहून परतताना प्रत्येक कुटुंबाने एकमेकांस विचारून पाहावे.