बंदर, बंदा आणि बंदी

२०१८च्या दिवाळीआधी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीच्या ओट्यावर बसलो होतो. सोयाबीनची आवक वाढलेली, भावाची बोलणी चाललेली. आडतदार म्हणाले, "चीननं अमेरिकेचा माल बंद केलाय म्हणं. आता आपलं उघडतंय बगा." शेजारी बारदान्याच्या घड्या घालणारा हमाल हसला. "हितं परवापासून मोंढाच बंद ऱ्हातोय, अन् तुमी चीनचं काय घिऊन बसलाव?"

भावाचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो. माझे लक्ष भावावरून उडून शब्दावर बसले. पहिल्या वाक्यातला 'बंद' बीजिंगचा, दुसऱ्यातला दिवाळीच्या सुट्टीचा, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच काही अडले नाही. इतक्या सहज वापरल्या जाणाऱ्या शब्दांवरच सहसा जास्त धूळ बसलेली असते.

संस्कृतात 'बन्ध्' म्हणजे बांधणे. अवेस्तेत 'बन्द्'. फारसीत क्रियापद 'बस्तन', आणि त्याचेच वर्तमानकाळी अंग 'बंद'. मूळ एक, मराठीत मात्र ते दोन दारांनी आलेले दिसते. प्राकृताच्या परसदाराने आले ते बांध, बांधणे, बंधारा. फारसीच्या दिंडीदरवाजाने आले ते बंद, बंदी, बंदोबस्त. चुलत घरांतली ही भावंडे आमच्या शेतात पुन्हा एकत्र नांदू लागली, त्या संसाराचे नाव बांधबंदिस्ती. लग्नसराईत औसा-निलंग्याची माणसे लातूरला आणि मुखेड-देगलूरची नांदेडला बस्ता बांधायला येतात. 'बस्ता' म्हणजे फारसी 'बस्तह', बांधलेले. म्हणजे बांधलेले बांधायला येतात! बंदोबस्तात तर 'बंद' आणि 'बस्त' हे एकाच धातूचे दोन चेहरे शेजारी बसले आहेत. त्यामुळे 'कडक बंदोबस्त' म्हणजे किती गाठी, हे पोलिसांनीच मोजावे.

पण मिटलेले, थांबलेले हा अर्थ कुठून आला? फारसीत 'बंद' ही प्रामुख्याने दोरी, गाठ, नाहीतर नदीवरचे धरण. लावलेल्या दाराला तिकडे 'बस्तह'च म्हणतात. 'दुकान बंद' मधला बंद हिंदुस्थानच्या हवेत बळावला असावा. गाठ आणि मिटणे यांत तसे अंतर थोडेच; बाराबंदीचे बंद आवळले की अंगरखा मिटतोच.

बाराबंदीवरून आठवले. चिरेबंदी, तटबंदी, बाराबंदी या शब्दांत कुणाला कसली मनाई नाही. चिऱ्याला चिरा, बुरुजाला बुरूज, बंदाला बंद जोडून काहीतरी उभे केले आहे. उलट दारूबंदी, नसबंदी, नोटबंदी, निर्यातबंदी यांत नुसते थांबवणे आहे. तीच '-बंदी', एकीकडे रचणारी, दुसरीकडे रोखणारी. अलीकडे दुसरीचा वंश फार वाढला. २० डिसेंबर २०२१ला सेबीने सोयाबीन, हरभरा अशा सात शेतमालांचे वायदे थांबवले, तेव्हा 'वायदेबंदी' हा जोडशब्द मोंढ्यात पोत्यावर बसून बोलला जाऊ लागला. इंग्रजी 'बॅन' याच घरचा, असे कुणी सांगितले तर ऐकू नये. तो पुकारा करण्याच्या, म्हणजे आपल्या 'भण्' धातूच्या गोतातला असावा. दवंडी वेगळी, गाठ वेगळी.

नांदेडकरांना याच कुळातला एक फार मोठा माणूस ठाऊक आहे. गोदावरीकाठचा बंदाघाट, जिथे आता दिवाळी पहाटेचे गाणे होते, त्याच्या नावात बंदा सिंह बहादूर आहेत. १७०८मध्ये नांदेडला माधोदास नावाचा बैरागी गुरू गोविंदसिंहांना शरण गेला आणि त्यांचा 'बंदा' झाला. बंदा म्हणजे बांधलेला, सेवक. शब्द केवढा जुना पाहा: इराणच्या दारयवहू राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या लेखात आपल्या मांडलिकांना 'बंदक' म्हटले आहे. अडीच हजार वर्षांची ही चाकरी. आणि आपला 'बंदा रुपया'? तोही बांधलेला, न मोडलेला. मोडला की 'सुटे' होतात, म्हणजे गाठ सुटते. बंदा आणि सुटा ही जोडी किराणा दुकानाच्या गल्ल्यात रोज खुळखुळते.

आता समुद्राकडे. फारसी 'बंदर' यात 'बंद'च आहे, याविषयी कोशकारांत फारसा वाद नसावा. पुढच्या 'र'चे काय करायचे हा प्रश्न. काही जण त्यात 'दर' म्हणजे दार पाहतात. तसे असेल तर बंदर म्हणजे बांधलेल्या धक्क्याचे दार, आणि मग या शब्दात गाठ आणि वाट एकत्र आली. (नांदेडच्या दखनी बोलणाऱ्या पोरांना बंदर म्हटले की हसू येते. ते माकड संस्कृत वानराचे. त्याचा धक्क्याशी संबंध नाही.) गोवळकोंड्याचा माल मछलीपट्टणला जाई, आणि तेलुगू माणूस त्या गावाला आजही नुसते 'बंदर' म्हणतो, तिथले बंदर लाडू प्रसिद्ध आहेत. पुढे मलाक्क्यात 'शाहबंदर' नावाचे अधिकारी होते, एकेका प्रदेशाच्या व्यापाऱ्यांना एकेक. त्यांतल्या एकाकडे चिनी व्यापारी असत. म्हणजे आमचा शब्द चीनच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आलेला आहे.

उंबऱ्याच्या आत काय आहे? चिनी मला येत नाही, कोश चाळता येतात. सीमाशुल्काच्या कचेरीला चिनीत 'हायग्वान' म्हणतात. हाय म्हणजे समुद्र. ग्वान म्हणजे डोंगरातली खिंड, नाका, आणि क्रियापद म्हणून वापरले तर सरळ 'बंद करणे'! जुन्या अक्षरात दोन फळ्यांचे दार काढलेले असते आणि आत गुंतागुंतीच्या रेघा. त्याचा मूळ अर्थ दाराला आतून लावायचे आडवे लाकूड. आमच्या वाड्यात त्याला अडसर म्हणत, जुन्या मराठीत आगळ, संस्कृतात अर्गला. म्हणजे चीनचे आयातशुल्क शब्दशः 'आगळकर' ठरते. उघडणे म्हणजे 'खाय'. त्याच्याही जुन्या अक्षरात तेच दार, तीच आगळ, आणि ती काढणारे दोन हात. गेल्या शतकात चिनी सरकारने साक्षरतेसाठी अक्षरे सोपी केली, तेव्हा दोन्ही अक्षरांतून दारच गळून पडले. धोरण आखताना कुणी हा विनोद मनात आणला नसावा.

त्या देशाचा व्यापारी इतिहास या दोन अक्षरांत बराचसा मावतो. १७५७ला बादशहाने पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना कँटन हे एकच बंदर ठेवले. माळव्याची अफू मुंबईच्या धक्क्यावरून तिकडे जात राहिली, अफूचे युद्ध झाले, आणि १८४२च्या नानकिंग तहाने पाच बंदरे उघडावी लागली. ते उघडणे जबरीचे. स्वखुशीने आगळ काढली ती १९७८च्या डिसेंबरात. त्या धोरणाच्या नावातच 'खायफांग' आहे, उघडून मोकळे सोडणे. १९८०मध्ये शेन्झेनसारखे चार विशेष विभाग झाले, ११ डिसेंबर २००१ला चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि तीसेक वर्षे त्याची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढत राहिली. निर्यातीला चिनीत 'चूखौ' म्हणतात, तोंडातून बाहेर. आयातीला 'चिनखौ', तोंडात आत. आपल्या आयात-निर्यातीत तोंड नाही, नुसती 'या' धातूची चाल आहे. आपण माल चालवतो, ते गिळतात आणि ओकतात.

नाक्यांचा तोरा आपल्याकडेही कमी नव्हता. निजामाच्या राज्यात सीमाशुल्काच्या खात्याला 'करोडगिरी' म्हणत. अकबराने महसुलासाठी नेमलेले 'करोडी' होते, एकेकाच्या वाट्याला एक कोटी दाम वसूल करण्याचा मुलूख. त्या नावाला 'गीर', म्हणजे घेणारा, चिकटून हा शब्द घडला असावा. १९११ला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोचली. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचे. मधे हद्द, आणि हद्दीवर करोडगिरी. कोटींच्या गोष्टी करणारे नाव आणि त्याची नजर दोन पोती गुळावर. 'नाका' तरी कुठला? सुईचे नाके आणि वाटेचा नाका एकच दिसतात. दोऱ्याला जायला दुसरी जागा नसते.

इंटरनेट आले तेव्हा चीनला पुन्हा भिंत सुचली. फायरवॉलला तिथे 'फांगह्वोछ्यांग' म्हणतात, आग अडवणारी भिंत. आणि ती चुकवून बाहेरचे पाहण्याला लोकांनी शब्द काढला 'फानछ्यांग', भिंतीवरून उडी. २००९पासून फेसबुक त्या भिंतीबाहेर आहे. २०१०च्या मार्चमध्ये गुगलने तिथला शोध-व्यवसाय आवरला. याला मराठीत काय म्हणावे? 'तटबंदी' हा शब्द तयारच आहे, आणि त्यात '-बंदी'चे दोन्ही अर्थ एकदम उभे राहतात, रचणेही आणि रोखणेही. भिंतीच्या आत चिनी कंपन्यांनी आपली बाजारपेठ चिरेबंदी करून घेतली, हे त्या तटाचे दुसरे अंग.

तिथल्या लोकांची शब्दखेळाची हौस पाहून मला तर जुन्या शाहिरी कोड्यांची आठवण होते. सरकारने 'सुसंवादी समाज' ही घोषणा दिली. सुसंवाद म्हणजे 'हश्ये'. मजकूर पुसला गेला की लोक म्हणू लागले, "आमच्या लिखाणाचा सुसंवाद झाला." पुढे तो शब्दही जपून वापरावा लागला, तेव्हा त्यांनी जवळच्याच उच्चाराचा 'नदीतला खेकडा' पुढे केला. खेकड्याचे चित्र टाकले की जाणत्याने समजावे. आपण मात्र फार सरळ: २९ जून २०२०ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप रोखली, तर लागलीच 'ॲपबंदी' म्हणून मोकळे झालो. त्यात एक गंमत राहून गेली. खेड्यापाड्यांत ज्या पोरांचे टिकटॉक गेले त्यांनी 'बंदी' हा शब्द फारसा वापरला नाही. ती म्हणत, "टिकटॉक बंद पडलं." मोटर बंद पडते, गिरणी बंद पडते, तसे. बंद करणारा हात त्या वाक्यात नाहीच.

आता भाव. जुलै २०१८मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले, आणि त्याच महिन्याच्या १ तारखेपासून भारतासह काही आशियाई देशांच्या सोयाबीनवरचे ३ टक्के शुल्क शून्य केले. आडतदारांची बातमी त्यामुळे चुकीची नव्हती. पण चीन वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास सोयाबीन बाहेरून घेतो. आपले सारे पीक सव्वा कोटी टनांच्या घरात, आणि आपली निर्यात मुख्यतः पेंडीची. त्यांना दाणे हवेत, पेंड ते स्वतः काढतात. आगळ निघाली आणि दारातून कुणी फारसे गेले नाही. खरे तर हे धान्य मूळचे त्यांचेच. नाव मात्र दाण्याचे नाही, सॉसचे: जपानी 'शोयू', तोही चिनीतून आलेला, डचांनी 'सोया' केला, इंग्रजांनी मागे 'बीन' लावले, आणि आम्ही त्याची बनीम रचून वर ताडपत्री टाकली.

एक गाठ अजून सुटलेली नाही. बंदी 'लागते' हे कळते, आगळ लागते तशी. पण ती 'उठते' का? इंग्रजीची छाया म्हणावी तर वेढा उठवणे, जप्ती उठवणे हे प्रयोग जुनेच दिसतात. कदाचित वेढा घालणारे सैन्य तळ हलवून खरोखरच उठून जाई, तिथून हे आले असावे. मग 'बाजार उठला' याचे काय? बंदी उठली की व्यवहार सुरू होतो, आणि बाजार उठला की संपतो. त्या दिवशी मोंढ्यातून निघताना हमाल बारदाना खांद्यावर टाकून म्हणाला, "चला, बाजार उठला." आडतदार अजून फोनवर कुणालातरी विचारत होते, चीनचं उठलं का.