एकट्या मनुष्याची दिनचर्या व तिचे कागद

पुणें शहराच्या इतिहासाचीं जीं साधनें आजवर प्रसिद्ध झालीं आहेत त्यांत वाडे, पेठा, देवळें, हौद, इनामें व वतनें यांविषयींची माहिती विपुल सांपडते. जागा कोणाची, भिंत कोणाच्या हद्दींत, कात्रजच्या तलावाचें पाणी कोणत्या हौदास कोणत्या वाटेनें आलें, या गोष्टींना कागद आहे. परंतु त्याच पेठेंत एखाद्या माडीवर एकटा राहणारा, कामधंद्यांतून मोकळा झालेला वृद्ध मनुष्य सकाळपासून रात्रीपर्यंत काय करीत होता, काय खात होता, कोणासाठीं थांबत होता, या गोष्टींना कागदच नाहीं असें समजण्याची वहिवाट पडली आहे. ही समजूत निराधार आहे, आणि तिच्यापायीं आपण संग्राहक लोक दरसाल पुष्कळ कागद हातचे घालवीत आहों, असें आमचें नम्र मत आहे.

प्रथम 'रोजनिशी' या शब्दाविषयीं थोडेंसें. गणेश चिमणाजी वाड यांनीं पुण्याच्या दफ्तरांतून निवडलेल्या वेंच्यांचे जे खंड विसाव्या शतकाच्या आरंभीं बाहेर पडले, ते रोजनिश्या याच नांवानें ओळखले जातात. नांवावरून नवख्याचा असा ग्रह होतो कीं, पेशवे रात्रीं समईजवळ बसून आपलें मनोगत लिहीत असावे. वस्तुतः ती रोजकीर्द होय. त्या त्या दिवशींचा जमाखर्च आणि त्या त्या दिवशीं सुटलेले हुकूम, एवढेंच तींत असावयाचें. तींत मनुष्य येतो तो पैशाच्या पाठीमागून. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या घरच्यांस सरकारांतून बालपरवेशी चालत असे. त्या घरची बाई दफ्तराला दिसते ती नेमणूक चालू असेपर्यंत. पुढें ती किती वर्षें जगली, हें कीर्द सांगत नाहीं, कारण तें सांगणें कीर्दीचें कामच नव्हे.

मात्र सरकारी कीर्द जें सांगत नाहीं तें घरगुती कीर्द सांगते. नारायण गोविंद चापेकर यांनीं १९३७ सालीं 'पेशवाईच्या सावलींत' हा ग्रंथ काढून जुन्या घरांतील जमाखर्चाच्या कागदांतून त्या काळचा समाज कसा उभा करतां येतो हें दाखवून दिलें. विशेष हें कीं, ते स्वतः न्यायखात्यांतून निवृत्त होऊन बदलापुरास स्थायिक झालेले गृहस्थ होते, आणि त्यापूर्वीं चार वर्षें, १९३३ त, त्यांनीं 'आमचा गांव बदलापूर' हें पुस्तक लिहून ज्या गांवीं आपण विसांव्यास आलों त्याच गांवाची बारीकसारीक नोंद करून ठेविली होती. रिकाम्या वेळाचा याहून चांगला उपयोग झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां शास्त्राकडे वळूं. आश्रमव्यवस्थेप्रमाणें नातवाचें तोंड पाहिलेल्या व केस पिकलेल्या गृहस्थानें वनाची वाट धरावयाची. पण कलियुगांत वानप्रस्थ बहुधा पोथींतच राहिला, आणि पुण्यांतील वृद्ध गृहस्थ पर्वतीच्या एकशें तीन पायऱ्यांपलीकडे कोणत्याहि वनांत गेला नाहीं. तेव्हां त्याला लागू पडतो तो आह्निकाचा भाग. दक्षस्मृतींत दिवसाचे आठ भाग पाडिले आहेत. पहिल्यांत देवकार्य, दुसऱ्यांत वेदाभ्यास, तिसऱ्यांत पोष्यवर्गासाठीं अर्थार्जन, चवथ्यांत स्नान, पांचव्यांत पंचमहायज्ञ व मग भोजन, सहाव्या व सातव्यांत इतिहासपुराण, आठव्यांत लोकव्यवहार, आणि मग सायंसंध्या. सूर्योदय सहाला धरला तर इतिहासाचा काळ दुपारीं दीडपासून साडेचारपर्यंत येतो. पुण्याच्या पेठांतील दुकानें नेमकीं याच सुमारास बंद असतात. दुकानदारांच्या झोपेला याहून प्राचीन आधार मिळणें कठीण आहे.

या आठ भागांपैकीं एकट्या वृद्धाच्या बाबतींत अडचण येते ती तिसऱ्या भागाची. ज्याला पोसावयाचें कोणी उरलें नाहीं त्यानें हा दीड तास कशानें भरावा? स्मृतिकारानें पोष्यवर्गांत कोणास घातलें आहे तें पाहिलें म्हणजे उत्तर सांपडतें. माता, पिता, गुरु, भार्या आणि संतति हीं तर आहेतच. पण त्यांच्यापुढें दीन, आश्रित, अभ्यागत, अतिथि आणि अग्नि यांचींहि नांवें आहेत. म्हणजे पहिलीं पांच गेलीं तरी यादी संपत नाहीं. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे म्हणून येथें नमूद करून ठेवितों.

एकांतांत राहून दिनचर्येविषयीं लिहिणारी एक मोठी व्यक्ति आपल्या इतिहासांत आहे, ती म्हणजे गोपिकाबाई. वडील पुत्र विश्वासराव १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर पडला, त्याच वर्षीं जूनमध्यें पर्वतीवर नानासाहेब वारले, १७७२ त माधवराव गेले, १७७३ त नारायणरावाचा खून झाला. पुणें सोडून नाशिकाजवळ गंगापुरास राहिलेल्या या बाईनें नातू सवाई माधवराव याच्यासाठीं वागणुकीचे नियम लिहून दिले. कारस्थानी म्हणून गोपिकाबाईविषयीं लिहिणारे पुष्कळ झाले. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, ज्या घरांत तिला बोलण्यास कोणी राहिलें नव्हतें त्या घरांतून तिनें दूरच्या मुलास पहांटे उठण्यापासूनचा क्रम सांगावा, यांत राजकारणापेक्षां कांहीं निराळें आहे. पोष्यवर्ग दूर असला म्हणून नाहींसा होत नाहीं.

अलीकडच्या काळांतील ठळक उदाहरण म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें. पत्नी अकालीं वारल्यावर त्यांनीं पुन्हां संसार मांडला नाहीं. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड १८९८ त निघाला आणि पुढें एकूण बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. आणि या सर्व वर्षांत हा मनुष्य गांवोगांव पायपीट करीत, स्वहस्तें शिजवून जेवीत, एकटाच राहत होता. त्यांच्या तऱ्हेवाईकपणाच्या आख्यायिका अजूनहि सांगितल्या जातात. आख्यायिका रंजक असतात, पण त्या पुरावा नव्हेत. राजवाड्यांच्या दहा आख्यायिका देऊन त्यांची एका महिन्याची वाण्याची वही मिळत असेल तर ती आम्ही आनंदानें घेऊं. तांदूळ किती, डाळ किती, दिव्याचें तेल किती आणि कागद व शाई किती, एवढें कळलें तरी तो मनुष्य रात्रीं किती वेळ जागत होता याचा हिशेब मांडतां येईल.

३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते धुळ्यास वारले. एकट्या मनुष्याच्या मागें त्याच्या कागदांचें जें सहसा होतें तें या ठिकाणीं झालें नाहीं, याचें श्रेय धुळेकरांस आहे. दुसऱ्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें; आणि त्यांनीं जुळवून ठेविलेल्या सामग्रीवरून कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी धातुकोश १९३७ त बाहेर पडला. मागें राहिलेल्या टिपणांवर रद्दी म्हणून कोणाची नजर गेली असती तर तो कोश आज नसता.

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची गोष्ट थोडी वेगळी. १८८९ पासून बडोद्याच्या महाराजांची दीर्घ नोकरी करून ते कामशेतास इंद्रायणीच्या कांठीं येऊन राहिले. पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या काळांत निघाले, ते निवृत्तीनंतर. सर जदुनाथ सरकारांशीं त्यांचा पत्रव्यवहार कित्येक दशकें चालला होता, आणि १९५६ त त्यांनीं 'माझी संसारयात्रा' लिहिली. ज्यानें आपलें सर्व स्वतःच लिहून ठेविलें त्याच्याविषयीं संशोधकाला काळजी नाहीं. आमची काळजी आहे ती ज्यांना लेखक म्हणून कोणी ओळखत नाहीं त्यांच्याविषयीं.

कांहीं वर्षांपूर्वीं सदाशिव पेठेंतील एका रद्दीवाल्याकडे आम्हांस तीन लहान वह्या मिळाल्या. त्यांवर नांव नाहीं. शके १८६१ ते १८६३, म्हणजे इसवी सन १९३९ पासून १९४२ पर्यंतचा तो घरखर्च आहे. अंक मोडी वळणाचे, अक्षर बालबोध. खर्चाच्या बाजूस दूध, भाजी, घासलेट, कापूस, पोस्टकार्डें. जमेच्या बाजूस दरमहा एकच ठरलेली रक्कम, आणि तिच्याखालीं मधूनमधून 'वाती' असा शब्द व कांहीं आणे. यावरून वही एका एकट्या राहणाऱ्या वृद्ध विधवेची असावी, आणि ती वाती वळून विकीत असावी, असा आमचा तर्क आहे. चातुर्मासांत वातींची जमा वाढते, हें तर्काला पोषकच आहे.

या वह्यांतील खरें महत्त्वाचें स्थळ निराळेंच आहे. दर मंगळवारीं भाजी व दूध यांचा खर्च इतर दिवसांच्या जवळजवळ दुप्पट पडतो. मंगळवारचा उपास म्हणावा तर खर्च कमी व्हावयास हवा. दुसरी वही तीनदां वाचल्यावर समासांत एके ठिकाणीं 'वार' एवढीं दोन अक्षरें दिसलीं, आणि उलगडा झाला. गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात दिवस सात घरीं वारानें जेवीत, ही पुण्याची जुनी चाल सर्वांस ठाऊक आहे. या बाईकडे मंगळवारचा वार होता. वैशाखांत मंगळवारचा खर्च इतर दिवसांसारखा होतो, आषाढांत पुन्हां वाढतो. म्हणजे मुलगा सुटींत गांवीं जात असला पाहिजे. आमच्या मतें हाच त्या बाईच्या दिवसाचा तिसरा भाग होय. वातींचे आणे कोठें गेले हें यावरून समजतें.

तिसऱ्या वहीच्या शेवटीं अक्षर कांपरें होत जातें. पुढें चार पानें दुसऱ्याच्या हातचीं आहेत, आणि त्यांवरहि मंगळवारचा खर्च दुप्पटच आहे. त्यानंतर कोरीं पानें. वही दुसऱ्या कोणीं लिहिली, त्याच मुलानें कीं काय, हें सांगण्यास साधन नाहीं. कारण त्या गठ्ठ्यांतील बाकीच्या वह्या व पोस्टकार्डें आधींच्याच आठवड्यांत कागदाच्या गिरणीकडे गेल्या होत्या. एका वाड्याची पुनर्बांधणी निघाली, कोठीची खोली रिकामी झाली, आणि जें कोणाला वाचतां येईना तें वजनावर विकलें गेलें. १३ मे १८७९ च्या आगींत बुधवारवाडा गेला, १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरानें नदीकांठच्या पेठा धुऊन नेल्या, अशीं मोठीं संकटें आपण तारखेसह सांगतों. रद्दीवाल्याच्या काट्याला तारीख नसते.

याहून चमत्कारिक स्थिति आजच्या एकट्या वृद्धाची आहे. दूध पिशवींतून येतें, डबा ठरल्या वेळीं दारांत येतो, पैसे मोबाईलवरून जातात. कीर्द लिहिण्याचें कारणच उरलें नाहीं. दुकानांत छापील पावती मिळते ती उष्णतेनें उमटणाऱ्या अक्षरांची. दोन चार वर्षांत ती पुसट होऊन कोरी पडते. जुन्नरी कागदावरील बोरूचें अक्षर दोनशें वर्षांनीं जसेंच्या तसें वाचतां येतें, आणि आमच्या कपाटांतील २०१९ सालच्या औषधांच्या पावत्या आज भिंगानेंहि लागत नाहींत. सेवानिवृत्तास दर नोव्हेंबरांत आपण जिवंत असल्याचा हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकाराला एकट्या मनुष्याचा वर्षांतून एकदां येणारा संबंध तो हाच. पूर्वीं तो निदान सहीचा कागद तरी असे. २०१४ पासून तें काम अंगठा यंत्रावर ठेवूनहि होऊं लागलें. सोय मोठी झाली, यांत संशय नाहीं. पण पुढील काळच्या संशोधकास त्याचा रुमाल बांधतां येणार नाहीं.

म्हणून आम्हीं गेलीं सहा वर्षें एक रोजकीर्द चालविली आहे. ती टिकाऊ कागदावर, शाईनें, जमा व खर्च अशा दोन बाजूंनीं लिहितों. मनोगत तींत मुळींच नाहीं. उठण्याची वेळ, पर्वतीवर गेलों कीं नाहीं, भाजी काय व किती रुपयांची, दारावर कोण आलें, कोणती पोथी किती पानें वाचली, एवढेंच असतें. जेवणास दुसरें पान मांडलें असेल त्या दिवशीं समासांत खूण करितों. ही पद्धत त्या अनामिक बाईची आहे, आमची नव्हे. वर्ष संपलें कीं वही रुमालांत बांधून वर यादीचा कागद ठेवितों, आणि आमच्या मागें हे रुमाल कोठें द्यावयाचे हें लिहून तो लेख शेजाऱ्यांपाशीं दिला आहे.

सभासद व संग्राहक यांस एकच विनंती आहे. ज्यांच्या संग्रहांत पुण्यांतील एकट्या राहणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या घरखर्चाच्या वह्या असतील, मग त्यांवर शिक्का नसो, नांव नसो, आरंभ वा शेवट नसो, त्यांनीं कृपा करून कळवावें. नकल उतरून मूळ प्रत सुखरूप परत केली जाईल. विशेषतः शके १८६४ नंतरची, मंगळवारचा खर्च दुप्पट असलेली वही कोणापाशीं असेल तर ती पाहण्यास आम्ही स्वतः येऊं. दिवसाच्या सहाव्या व सातव्या भागांत आम्ही बहुधा घरींच असतों.