भ्रमाचा आडोसा : मराठी चित्रपटातील जादूगार, हेर आणि भूत

क्लाइव्ह बार्कर यांनी ‘द लास्ट इल्यूजन’ या आपल्याच कथेवरून 1995 मध्ये ‘लॉर्ड ऑफ इल्यूजन्स’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच्या कथानकात एक विलक्षण उलटापालट आहे. हॅरी दामूर हा न्यूयॉर्कचा खाजगी गुप्तहेर एका कामगिरीवर लॉस एंजेलिसला येतो आणि स्वान नावाच्या विख्यात रंगमंचीय जादूगाराच्या प्रकरणात गुंततो. स्वान भर प्रयोगात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तलवारींनी विद्ध होतो. हेरकथेच्या रूढ संकेताप्रमाणे पुढे हातचलाखीचे यंत्र उघडे पडावयास हवे. ते पडते, पण त्याखाली दुसरेच काही निघते. स्वानची जादू ही हातचलाखी नव्हतीच. निक्स नामक पंथगुरूकडून मिळालेली खरी अघोरी शक्ती तो आयुष्यभर ‘खेळ’ म्हणून विकीत आला होता. चमत्काराला लपण्यासाठी सर्वांत सुरक्षित जागा कोणती, तर जेथे चमत्कार खोटा आहे हे सर्वांनी आधीच गृहीत धरलेले असते ती, म्हणजे रंगमंच.

ही मांडणी मराठी प्रेक्षकाला परकी वाटावी असे वरवर पाहता कोणी म्हणेल. गुप्तहेर, भूत आणि रंगमंचीय जादूगार हे तिघे एकत्र आलेला चित्रपट मराठीत कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी चित्रपटाच्या आरंभापर्यंत मागे जावे लागते, कारण तो आरंभच एका जादूगाराच्या हातून झालेला आहे.

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) निर्माण करण्यापूर्वी ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत असत. आपलेच आडनाव उलटे वाचून त्यांनी हे नाव घेतले होते. पुढे 1916 मध्ये या केळफाचे प्रयोग त्यांनी चित्रफितीवरही आणले. चरित्रकार हा तपशील गमतीची गोष्ट म्हणून सांगतात आणि पुढे जातात. वस्तुतः तो गमतीचा नाही. ‘लंकादहन’ (1917) आणि ‘कालिया मर्दन’ (1919) यांत पडद्यावर जे घडते, ते तांत्रिक दृष्ट्या केळफाचेच काम आहे : थांबविलेला कॅमेरा, दुहेरी छायांकन, अदृश्य होणे आणि प्रकट होणे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यानेही रंगमंचावरची जादू अशीच पडद्यावर नेली होती. परंतु मेलिएसचा प्रेक्षक ती जादू जादू म्हणूनच पाहत होता. फाळक्यांचा प्रेक्षक मात्र तिला लीला म्हणून हात जोडीत होता. युक्ती तीच, पण पुराणकथेच्या संदर्भात तिची संकेतव्यवस्था बदलली. केळफाच्या प्रयोगात टाळ्या मिळविणारी हातचलाखी कृष्णाच्या प्रसंगात भक्तिभाव जागविते. बार्करच्या स्वानने चमत्कार युक्ती म्हणून दाखविला, तर फाळक्यांनी युक्ती चमत्कार म्हणून दाखविली. मराठी चित्रपटाचा इतिहास या दुसऱ्या टोकापासून सुरू होतो, ही गोष्ट समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

भाषेनेही या दोन टोकांत भेद ठेवलेला नाही. ‘गारुडी’ हा शब्द संस्कृतातील ‘गारुड’ म्हणजे सर्पविष उतरविण्याच्या मंत्रविद्येशी जोडलेला आहे. मराठीत तो साप खेळविणाऱ्याला आणि रस्त्यावर हातचलाखी करणाऱ्यालाही लागला. एकनाथांनी आपल्या रूपकरचनांसाठी गारुड्याचे सोंग घेतले, ते या दुहेरीपणाचा लाभ घेऊनच. मांत्रिक आणि खेळ्या एकाच नावाखाली नांदतात, आणि ऐकणारा प्रसंगाप्रमाणे अर्थ निवडतो. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्याकडे पाहिले तर हे सहअस्तित्व केवळ शब्दकोशात नाही, हे ध्यानात येते. आधुनिक मराठी रंगमंचीय जादूचे सर्वांत परिचित नाव, जादूगार रघुवीर (रघुवीर भोपळे), याच परिसरातील आंबेठाणचे. त्यांच्या परदेशांतील दौऱ्यांनी जादूला सभागृहाची प्रतिष्ठा मिळवून दिली. याच पट्ट्यातील नारायणगाव ही तमाशा फडांच्या राहुट्यांची आणि सुपाऱ्यांची बाजारपेठ. अवसरी बुद्रुकसारख्या गावाच्या माणसाला जत्रांच्या हंगामात देवाची पालखी, वगनाट्य, खेळकऱ्यांची पाले आणि तंबूतला सिनेमा हे सारे एकाच मैदानाच्या परिघात भेटत आले. तंबूतला भयपट पाहणारा प्रेक्षक चार पावलांवरच्या देवळात नवस बोलून आलेला असे. ‘अलौकिक की फसवणूक’ हा प्रश्न त्याच्यापुढे सैद्धांतिक रूपात कधी उभा राहिला नसेल. त्याने दोहोंना वेगवेगळ्या वेळा नेमून दिल्या होत्या, एवढेच.

हेरकथेचा प्रवेश या नेमणुकीत बाधा आणणारा होता. बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथांनी मराठी वाचकाला एक सवय लाविली : भूत दिसले की त्यामागचा माणूस शोधावयाचा. हिंदी पडद्यावर ‘महल’ (1949) मधील भटकता आत्मा अखेर माळ्याची मुलगी ठरतो. ‘बीस साल बाद’ (1962) बास्करव्हिलच्या कुत्र्याचा माग काढतो. मराठीत ‘पाठलाग’ (1964) मध्ये मेलेली पत्नी परत येते, पण तिचा निवाडा न्यायालयात होतो. ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) या नावातच उत्तर दिलेले आहे. या परंपरेत भय हे पूर्वपक्षासारखे असते. ते मांडावयाचे ते खोडण्यासाठी. तिला बुद्धिवादी म्हणणे सोपे आहे. तथापि ती बऱ्याच अंशी सोयीस्करही होती. अडीच तास भुताची गोडी चाखून शेवटच्या दहा मिनिटांत तिचे प्रायश्चित्त घेता येत असे.

नारायण धारप यांनी हे प्रायश्चित्त नाकारले. त्यांचा ‘समर्थ’ हा रचनेने हेर आहे. त्याच्याकडे पीडित येतात, तो तपास करतो, आणि अप्पा जोशी वॉटसनच्या निष्ठेने हकीकत सांगतात. परंतु तपासाच्या शेवटी माणूस सापडत नाही. जे सापडते ते माणसापलीकडचे असते. दामूरचा मराठी चुलतभाऊ शोधावयाचा तर तो येथे आहे. मात्र दामूरचा थकवा, शहराचा काळोख, नैतिक मळकटपणा, म्हणजेच ज्याला फिल्म नॉयर म्हणतात त्याचा अर्क, समर्थाला शिवत नाही. तो सात्त्विक आहे, आणि म्हणून थोडा नीरस.

उरला रंगमंच. तो ‘झपाटलेला’ (1993) या चित्रपटाने आणला, आणि तोही विनोदाच्या वेष्टनात, त्यामुळे गंभीर समीक्षेच्या नजरेतून तो निसटला. महेश कोठारे यांच्या या चित्रपटाची मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (1988) या अमेरिकी भयपटातून घेतलेली आहे, हे सर्वज्ञात आहे. तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र हस्तगत करतो आणि मरतेसमयी आपला आत्मा बाहुल्यात घालतो. अनुकरणाचा आरोप येथेच संपवून बहुतेक जण थांबतात. पण मूळ चित्रपटात बाहुला एका लहान मुलाचे खेळणे आहे. मराठीत तो शब्दभ्रमकाराचा बाहुला झाला. या एका बदलाने कथेचा गाभाच बदलून गेला.

लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगविलेला लक्ष्या बोलके (आडनाव मुद्दाम ऐकावे) हा बोलक्या बाहुल्याचा कलावंत आहे. बाहुला स्वतःहून बोलतो, हे तो जिवाच्या आकांताने सांगतो, आणि कोणी मानीत नाही. का मानावे? बाहुला बोलताना दिसणे हाच तर त्याचा धंदा. मुलाच्या साक्षीवर वयामुळे अविश्वास दाखविला जातो. लक्ष्याच्या साक्षीवर अविश्वास दाखविला जातो तो त्याच्या कलेमुळे. जितकी कला अस्सल, तितकी साक्ष खोटी. खऱ्या भुताने शब्दभ्रमाचा आडोसा घेतला आहे, आणि तो आडोसा लक्ष्याने स्वतःच, वर्षानुवर्षांच्या सरावाने, बांधून ठेवलेला आहे. बार्करच्या चित्रपटाच्या दोन वर्षे आधी, कोणत्याही परस्परसंबंधावाचून, मराठी चित्रपट त्याच प्रमेयापाशी पोहोचला होता. फरक इतकाच की स्वान हा आडोसा जाणून वापरतो, लक्ष्या त्यात नकळत सापडतो. स्वान श्रीमंत होतो. लक्ष्या वेडा ठरतो. मराठी लोककलावंताच्या सामाजिक स्थानाविषयी या विनोदी चित्रपटाने जे सांगितले, ते पुष्कळ गंभीर कादंबऱ्यांना साधलेले नाही.

हेराचेही तेच. कोठारे यांनी स्वतः साकारलेला पोलीस अधिकारी महेश जाधव हा गुन्ह्याचा तपास करणारा कायद्याचा माणूस. अर्नाळकरी परंपरेप्रमाणे त्याने बाहुल्यामागचा माणूस शोधावयास हवा, आणि उपलब्ध पुरावा सरळ लक्ष्याकडे बोट दाखवितो. सत्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला आपल्याच शास्त्राचा त्याग करावा लागतो. शेवटी गोळी बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मध्ये लागते, म्हणजे शस्त्र पोलिसाचे आणि मर्मस्थान मांत्रिकाने सांगितलेले. तडजोड सुबक आहे. ती प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्न मात्र उरतो.

तो उरतो, कारण त्याच काळात महाराष्ट्रात युक्ती आणि चमत्कार यांचा तिसरा संबंध घडत होता. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी बुवांचे चमत्कार स्वतः करून दाखवीत आणि लगेच त्यांचे रसायन उघड करीत. हाही रंगमंचच होता. फाळक्यांची युक्ती चमत्कार होऊ पाहत होती, ‘झपाटलेला’तला चमत्कार युक्तीमागे दडत होता, येथे युक्ती चमत्काराच्या विरोधात साक्षीला उभी राहत होती. जादूगार आणि हेर एकाच माणसात एकवटले होते. चित्रपटाने या माणसाला आपला नायक केले नाही. जून 2013 मध्ये ‘झपाटलेला 2’ त्रिमितीत प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबरमध्ये संमत झाला. या तारखांत कार्यकारणभाव नाही. तरीही एकाच वर्षाच्या इतिहासात त्या शेजारी उभ्या आहेत, आणि तिन्ही घटना पाहणारा समाज एकच आहे.

‘झपाटलेला’तील बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा. वडील यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावांपासून चालत आलेल्या शब्दभ्रमाच्या घराण्याचे ते वारस. पडद्यावर मात्र तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा आहे. आवाजाची जागा लपविणे हेच ज्या कलेचे मर्म, तिच्यावर आधारलेल्या चित्रपटात हालचाल एकाची आणि वाणी दुसऱ्याची झाली. रंगमंचावर जे एका माणसाने साधावयाचे, ते चित्रपटाने ध्वनिफितीवर सोपविले. केळफाने 1913 मध्ये कॅमेऱ्यावर सोपविले होते तसेच.